तुझं घड्याळ तिच्याकडे

ताई, तीन वर्षांचं नातं एका मेसेजने संपलं. तो अंघोळीला गेला होता आणि चार्जरला लावलेला त्याचा फोन उजळला : 'तुझं घड्याळ माझ्याकडेच राहिलं.' त्यावर पॉप पंक गाणं लिहितेय, शब्द सोबत पाठवलेत. अकरा कडवी झाली, तरी रडगाणंच वाटतं. दोघांची नावं घालू का? कोरस गाताना गळा दाटून येतो. दहा दिवसांनी कार्यक्रम आहे, तोही येणार आहे.

मैत्रिणी, तुझा राग रास्त आहे आणि या गाण्याला तो हवाच. पण अकरा कडव्यांत तू त्याचे गुन्हे मोजत बसली आहेस आणि ते घड्याळ सातव्या कडव्यात एका ओळीत उरकलंस! त्यालाच कोरसवर आण. 'तुझं घड्याळ तिच्याकडे' एवढी ओळ पुरे. 'धोका', 'बेवफा' हे शब्द काढून टाक, ऐकणाऱ्याला आपोआप कळतं.

रडगाणं वाटण्याचं दुसरं कारण लय. मिनिटाला ९६ ठोक्यांवरून १७० वर ने. तिथे १६ बार (चार ठोक्यांचा एक बार) जेमतेम २३ सेकंदांत संपतात, म्हणून दोनच कडवी ठेव आणि ओळ आठ-नऊ अक्षरांची कर. कडव्यात गिटारवर पॉवर कॉर्ड (दोनच स्वरांची जोडी) पाम म्यूट करून, म्हणजे तळहाताने तारा हलक्या दाबून, सगळे स्ट्रोक खाली. तळहाताची कड गिटारच्या ब्रिजला, म्हणजे तारा जिथे टेकतात त्या पट्टीला, लागूनच टेकव. पुढे सरकली की सूर मरतो, नुसती थपथप उरते. गेन, म्हणजे अँपवरचा आवाज फाटण्याचा जोर, थोडा कमीच ठेव, नाहीतर सगळं गढूळ होतं. कोरसला हात उचल, तारा मोकळ्या वाजू देत. आणि फोन उजळतो तो क्षण गाण्याच्या ब्रिजमध्ये, म्हणजे शेवटच्या कोरसआधीच्या वेगळ्या तुकड्यात, ठेव : ड्रम हाफ-टाइम, म्हणजे स्नेअर ड्रम दुसऱ्या-चौथ्या ठोक्याऐवजी फक्त तिसऱ्यावर. लय तीच राहते, पण पायाखालची जमीन सरकल्यासारखं वाटतं.

नावं मात्र नकोत. लोक गाणं सोडून 'हा कोण?' यातच अडकतील. तिच्यावरची शिवीही काढ. शब्द मोडला तो त्याने. पॅरामोर या बँडच्या २००७ सालच्या 'मिझरी बिझनेस' गाण्यात दुसऱ्या मुलीला अशीच शिवी होती. २०१८ मध्ये बँडने ते गाणं मंचावर वाजवणं थांबवलं, ते २०२२ मध्ये परत सुरू केलं. आज रागात लिहिलेली ओळ तुलाही पुढे कित्येक वर्षं गावी लागेल.

गळा प्रत्येक वेळी एकाच ओळीवर दाटतो का, ते बघ. तसं असेल तर ती ओळ एकटीने गाऊच नकोस, बँडमधल्या सगळ्यांना एकत्र ओरडू दे. या संगीतात ती रीतच आहे. वरचा सूर ताणून किंचाळावं लागत असेल तर पट्टी एक स्वर खाली घे.

रोज दोनदा पूर्ण गा, रेकॉर्ड कर. शेवटचे तीन दिवस मध्ये न थांबता पार पडलं तरच यादीत घाल, नाहीतर पुढच्या कार्यक्रमाला गा. तो समोर असण्या-नसण्यावर ते ठरवू नकोस.