धक्का वर आला, पण पांढरा होऊन

प्रश्न : ‘स्पायरल जेटी’ म्हणजे काळ उलटा फिरत नाही हे दाखवणारी कलाकृती, असं तुम्ही मागच्या अंकात लिहिलंत. पण तुमच्याच लेखात ती तळ्यात बुडाली आणि तीस वर्षांनी आपोआप वर आली! मग उलटा फिरलाच की काळ?
– एक वाचक, सातारा

उत्तर : पकडलंत मला. बुडाली-वर आली एवढंच लिहून मी पुढे गेलो, कशी वर आली ते राहिलं.

अमेरिकी शिल्पकार रॉबर्ट स्मिथसनने १९७० च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात ग्रेट सॉल्ट लेक या खाऱ्या तळ्याच्या काठावर सहा हजार टनांहून जास्त बेसॉल्ट आणि माती ओतून १५०० फुटांचं वेटोळं घातलं. तीच ‘स्पायरल जेटी’, म्हणजे वेटोळ्याचा धक्का. बेसॉल्ट म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच काळा फत्तर. रेल्वेच्या भरावामुळे तळ्याचा हा उत्तरेकडचा भाग तुटलाय, गोडं पाणी फारसं पोचत नाही. मीठ इतकं, की त्यात तगणाऱ्या सूक्ष्मजीवांनी पाणी लालसर दिसतं. लाल पाण्यात काळा धक्का, अशी ती मूळची जोडी. दोनेक वर्षांत पाणी चढलं, धक्का गडप. स्मिथसन १९७३ मध्ये विमान अपघातात गेला, जेमतेम पस्तिशीचा. पुढे २००२ च्या दुष्काळात धक्का उघडा पडला तो मिठाने पांढराफटक होऊन. आता तर तळंच आटत चाललंय. बहुतेक वेळा पाणी धक्क्यापासून लांबच असतं.

काळ उलटा फिरतो का, यावर स्मिथसनने १९६७ मध्येच एक प्रयोग लिहून ठेवला होता. वाळूची पेटी घ्या, अर्ध्या भागात काळी वाळू, अर्ध्यात पांढरी. त्यात पोराला घड्याळाच्या काट्याप्रमाणे शेकडो फेऱ्या मारायला लावा, मग तितक्याच उलट्या.

मी चित्रकला शिकवायचो तेव्हा सातवीच्या वर्गात हे परातीत करून पाहिलं होतं. एकीकडे पांढरी रांगोळी, दुसरीकडे कोळशाची चाळलेली पूड. एका मुलीने बोटाने वीस वेढे सुलट दिले, वीस उलट. करडं ते करडंच. “सर, मोजण्यात चुकलं असेल,” म्हणून तिने पुन्हा सुरुवात केली आणि तास संपेपर्यंत परात सोडली नाही. घंटा द्यायला निघालेल्या शिपाईमामांनी डोकावून विचारलं, “गुरुजी, एवढी राख कशाला आणलीत?”