वाचकांचे प्रश्न : कठीण शब्दांआधी ओळखीचे शब्द

प्रश्न : माझी मुलगी नाशिकमधील इंग्रजी माध्यमाच्या शाळेत नववीत आहे. सुटीतील वाचनासाठी शाळेने एक इंग्रजी कादंबरी दिली आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेतील मिसिसिपी राज्यात कापूस पिकवणाऱ्या एका कृष्णवर्णीय कुटुंबाची ती कथा आहे. प्रत्येक प्रकरणातील वीस अनोळखी शब्द अर्थांसह वहीत उतरवायचे आहेत. मुलगी शब्द पाठ करते, चार दिवसांत विसरते आणि सारखा शब्दकोश उघडावा लागत असल्याने गोष्टीतला रसही जातो. शिवाय पुस्तकात काही अत्यंत अपमानकारक शब्द आहेत आणि पात्रांचे इंग्रजी व्याकरणाला सोडून आहे. शब्दसंपदा वाढवण्यासाठी असे पुस्तक योग्य आहे का? आधी मराठीतून वाचून घेतले तर चालेल का?
— एक पालक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : पुस्तक योग्यच आहे, वही तेवढी बदलावी लागेल. वीस शब्द निवडायला सांगितले की मुले साहजिकच लांबलचक आणि अवघड दिसणारे शब्द उचलतात, आणि त्यांतले बरेचसे पुढच्या प्रकरणात पुन्हा भेटतही नाहीत. अशा कादंबरीत खरी मेख असते ती आपल्याला येतात असे वाटणाऱ्या शब्दांत. ‘बॉय’, ‘मिस्टर’, ‘क्रेडिट’, ‘लिटरसी’ हे शब्द आपल्या मुलीच्या कानावरून कितीदा तरी गेलेले असतील. म्हणूनच ती ते वहीत लिहिणार नाही, आणि कथेतला अन्याय नेमका तेथेच तिच्या नजरेतून निसटेल.

‘मिस्टर’चेच पाहा. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीयांनी गोऱ्या माणसाला, मग तो वयाने कितीही लहान असो, ‘मिस्टर’ किंवा ‘सर’ म्हणावे अशी अपेक्षा असे आणि ती मोडणाऱ्याची धडगत नसे. उलट साठी उलटलेल्या कृष्णवर्णीय गृहस्थाला एखादा पोरसवदा गोरा ‘बॉय’ अशी हाक मारी, फार तर ‘अंकल’ म्हणे, पण ‘मिस्टर’ म्हणणे टाळी. इंग्रजीत ‘तू’ आणि ‘आपण’ या दोहोंसाठी एकच ‘यू’ असल्यामुळे मानापमानाचा बराचसा भार अशा संबोधनांवर येतो. अरेतुरे आणि अहोजाहो यांतले अंतर उपजत जाणणाऱ्या मराठी मुलीला हे समजावणे अवघड नाही. १९६३ मध्ये अलाबामातील गॅड्सडेन येथे मेरी हॅमिल्टन या नागरी हक्क कार्यकर्तीला सरकारी वकिलाने भर न्यायालयात नुसते ‘मेरी’ म्हटले, तेव्हा ‘मिस हॅमिल्टन’ म्हटल्याशिवाय उत्तर देणार नाही, असे तिने बजावले. न्यायालयाच्या अवमानाबद्दल तिला तुरुंगवास आणि दंड झाला. पुढे १९६४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. हा प्रसंग मुलीला सांगा आणि मग कादंबरीत कोण कोणाला काय म्हणून हाक मारतो, एवढेच एका प्रकरणापुरते टिपायला लावा. ते पान तिला पाठ करावे लागणार नाही.

‘क्रेडिट’ हा शब्दही एकटा येत नाही. ‘शेअरक्रॉपर’, ‘मॉर्गेज’ (गहाण), ‘इंटरेस्ट’ (व्याज), ‘लेजर’ (हिशेबाची वही) असा त्याचा सारा गोतावळा त्याच पानांवर वावरत असतो, आणि हे शब्द सुटे पाठ केले की विसरायला होणारच. त्यामागचा व्यवहार एकदा सांगावा. जमीन मालकाची, कसणारा कृष्णवर्णीय. बी-बियाणे, खेचर आणि घरातला किराणा त्याला उधारीवर मिळे, बहुधा मालकाच्याच किंवा त्याने सांगितलेल्या दुकानातून आणि चढ्या व्याजाने. कापूस निघाला की साधारण निम्मा वाटा मालकाचा, आणि उरलेल्या निम्म्यातून उधारी वळती व्हायची. हिशेबाची वही मालकाच्या हातात असल्याने वर्षअखेरीस बाकी काय निघते हे तोच सांगणार, आणि ती बहुधा शेतकऱ्याच्याच अंगावर निघे. निफाड-सिन्नरकडे आपले नातेवाईक असतील, तर बटाई, उचल, सावकाराचे व्याज हे सारे मुलीच्या कानावर पडलेलेच असेल. त्या ओळखीचा आधार अवश्य घ्यावा, पण ‘शेअरक्रॉपर म्हणजे बटाईदार’ असे लिहून वही मिटू नये, कारण हिशेबाविरुद्ध दाद मागायची म्हटली तर तेथील पोलीस, पंच आणि न्यायाधीश सगळे गोरेच असत.

‘लिटरसी’ हा तर आपल्याकडे कौतुकाचा शब्द. तेथे मात्र मतदारनोंदणीला आलेल्या कृष्णवर्णीय माणसापुढे साक्षरतेची चाचणी ठेवली जाई, आणि तो उत्तीर्ण झाला की नाही हे गोरा अधिकारी आपल्या मर्जीने ठरवी. १९६५ च्या मतदान हक्क कायद्याने या चाचण्यांना चाप बसला.

शब्दकोशाचाच आधार घेतला तर काय होते, याचे उदाहरण ‘सेग्रिगेशन’. कोशात त्याला ‘विलगीकरण’ असा प्रतिशब्द सापडेल, आणि करोनाच्या आठवणी ताज्या असलेल्या मुलांच्या डोळ्यांपुढे रुग्णालय उभे राहील. १८९६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘वेगळे, पण समान’ या तत्त्वावर मान्यता दिलेली, आगगाडीच्या डब्यापासून शाळेपर्यंत माणसे रंगावरून वेगळी ठेवणारी ही कायदेशीर व्यवस्था होती. शाळांपुरते ते तत्त्व १९५४ मध्ये त्याच न्यायालयाने मोडीत काढले. ‘समान’ म्हणजे किती, हे कादंबरीतल्या शाळेच्या वर्णनावरून कळेल : गोऱ्या मुलांनी वापरून जीर्ण झालेली पुस्तके आणि कापूस वेचणीसाठी आखूड केलेले शालेय वर्ष. पंचवटीत काळाराम मंदिरावरून जाल तेव्हा, २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली येथे प्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला होता, हे तिला जरूर सांगा. वंश आणि जात एकच आहेत असे मात्र सांगू नका. दार बंद असणे म्हणजे काय, एवढे त्यातून कळले तरी पुरे.

आता पद्धत. प्रकरण पहिल्यांदा शब्दकोशाशिवाय सलग वाचावे. अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीची रेघ ओढावी आणि पुढे जावे. दुसऱ्या वाचनात पाच-सहा शब्द निवडून, अर्थाच्या आधी, तो शब्द आलेले पूर्ण वाक्य आणि ते कोणी कोणाला उद्देशून म्हटले आहे हे उतरवावे. शाळेचा वीसांचा आकडा भरायचाच असेल, तर उरलेले शब्द शेवटी पटकन लिहून टाकावेत. त्यांच्यासाठी कोणी रात्र जागवू नये.

पात्रांच्या इंग्रजीला अशुद्ध म्हणू नये. दुहेरी नकार, गाळलेली क्रियापदे यांना त्या बोलीत स्वतःचे नियम आहेत. कळवण-बागलाणकडची आजी अहिराणीत बोलते तेव्हा ती चुकीचे मराठी बोलत नसते, तसेच हे. बोली समजून घ्यावी. उत्तरपत्रिकेत प्रमाण इंग्रजी लिहावे.

अपमानकारक शब्दांबाबत मात्र स्पष्ट राहा. ते ओळखता आले पाहिजेत, पण वापरायच्या शब्दांच्या यादीत ते घालू नयेत आणि मोठ्याने वाचताना उच्चारूही नयेत. तेथे थांबून पुढच्या शब्दावर जावे. जातिवाचक शिवीगाळ हा आपल्याकडे १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा ठरतो, हे नववीतल्या मुलीला सांगण्यासारखे आहे. ‘निग्रो’ची गोष्ट थोडी वेगळी : त्या काळी कृष्णवर्णीय लेखक आणि पुढारीही तो शब्द स्वतःसाठी वापरत, आज तो वापरत नाहीत. कादंबरीत तो आला म्हणून बोलणारा दुष्टच असेल असे नाही.

राहिला मराठीचा प्रश्न. कथा आधी मराठीतून वाचून घेतली तर इंग्रजी वाचताना अंदाज बांधण्याची गरजच उरत नाही, आणि अंदाज बांधता बांधताच शब्द मुरतात. पार्श्वभूमी मात्र मराठीतून खुशाल सांगावी. गुलामगिरी १८६५ मध्ये घटनादुरुस्तीने संपली आणि तरीही सत्तर वर्षांनी हे कुटुंब का भरडले जात आहे, इतके ठाऊक असले की पहिले प्रकरण अडणार नाही. महात्मा फुले यांनी १८७३ मधील ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या तेथील लोकांना अर्पण केले आहे. ती अर्पणपत्रिका काढून तिला दाखवा आणि कादंबरी हातात द्या.