वाचक विचारतात: हळू आवाजात गिटारचा टोन मरतो, काय करू?

प्रश्न: दादा, मी नेरुळला राहतो, सिडकोची जुनी बिल्डिंग, दुसरा मजला, वय २०. गेल्या दिवाळीत सेकंड हँड ४० वॉटचा ट्यूब अँप (काचेच्या व्हॉल्व्हवर चालणारा गिटारचा अँप्लिफायर) घेतला. दुकानात वाजवला तेव्हा अंगावर काटा आला होता. घरी मास्टर, म्हणजे एकूण आवाजाचा नॉब, एकच्या पुढे नेला की खालच्या काकू वर येतात, आणि एकवर ठेवला की आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा पातळ. गेन (आवाज फाटवणारा नॉब) वाढवला तर नुसती माशी घोंगावते. २०१९ च्या डिसेंबरमध्ये मामाबरोबर डी. वाय. पाटील स्टेडियमला यू-टू हा रॉक बँड बघितला होता, तो गिटारचा आवाज अजून डोक्यातून जात नाहीये. अँप विकून १५ वॉटचा घेऊ का?

उत्तर: मित्रा, विकू नकोस. निदान १५ वॉटच्या हौसेने तरी नकोच, कारण त्याने तुझा प्रश्न सुटणार नाही. लोकांना वाटतं ४० चे २० वॉट झाले की आवाज निम्मा झाला, तसं होत नाही, वॉट निम्मे केले की फक्त ३ डेसिबल कमी होतात आणि कानाला आवाज निम्मा वाटायला वॉट दहापट कमी व्हावे लागतात. गिटारचा चांगला १२ इंची स्पीकर फक्त १ वॉटवर १ मीटर अंतरावर ९७ ते १०० डेसिबलपर्यंत जातो. घरात आपण साधारण ७० च्या आसपास वाजवतो, म्हणजे हिशेब केलास तर तुझा ४० वॉटचा अँप घरी १ वॉटचा पाचशेवा भागसुद्धा जेमतेम वापरतोय. १५ वॉटचा आणलास तरी तोही तेवढाच वापरणार. मी वर्तकनगरला वन रूम किचनमध्ये राहत असताना याच समजुतीने ५ वॉटचा ट्यूब अँप आणला होता, आणि तो मोकळा व्हायला लागला की भिंतीपलीकडच्या आजींची झोप मोडायची. ५ वॉटसुद्धा घराला खूप झाले.

आता दुकानात काटा आला आणि घरी डबा वाजला, हे का झालं ते नीट समजून घे, कारण अर्धा इलाज त्यातच आहे. पहिलं कारण अँपमध्ये नाहीच, तुझ्या कानात आहे. १९३३ मध्ये बेल लॅब्जच्या फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी मोजून दाखवलं की आवाज हळू झाला की आपल्या कानाला खर्ज आणि अगदी वरचा तारस्वर मधल्या आवाजापेक्षा फार कमी ऐकू येतो. साधारण ४० डेसिबलच्या हळू पातळीवर १०० हर्ट्झचा खर्ज १००० हर्ट्झच्या सुराइतका वाटायला २० डेसिबलच्या आसपास जास्त लागतो, आणि आवाज मोठा होत गेला की हा फरक कमी होत जातो. तुझ्या सहाव्या तारेचा खुला ई ८२ हर्ट्झचा आहे. म्हणजे दुकानात जे सेटिंग भरदार वाटलं तेच घरी हळू केलं की खालची बाजू गायब, अँप मात्र तोच आणि नॉबही तिथेच.

दुसरं कारण अँपमधलं आहे. ट्यूब अँपचा जो ‘उघडलेला’ आवाज आपण म्हणतो तो सगळा गेनच्या नॉबमधून येत नाही, पॉवर ट्यूब, आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकरचा कागदी कोन, तिघांवर जोर आला की प्रत्येक जण थोडं थोडं दाबतो, गोल करतो. मास्टर एकवर असताना हे तिघे जवळपास झोपलेले असतात आणि तुला ऐकू येते फक्त प्रीअँपची, म्हणजे अँपच्या पहिल्या टप्प्याची खरखर, तीच तुझी माशी. शिवाय मोठ्या आवाजात स्पीकरची हवा तारांना परत हलवते आणि सूर लांबतो, तेही घरी मिळत नाही.

तिसरं कारण कोणी सांगत नाही आणि मला ते फार महत्त्वाचं वाटतं. अँप हळू असला की तारांचा स्वतःचा टिणटिण आवाज, प्लेक्ट्रमचा खट्कन आवाज, हा थेट गिटारवरून कानात येतो आणि अँपच्या आवाजात मिसळतो. आपण समजतो ट्रेबल जास्त झाला आणि ट्रेबल कमी करत बसतो, मग अँप अजूनच मातीत जातो. ट्रेबल कमी करण्याआधी एक करून बघ, अँप स्टुलावर ठेव, स्पीकरचं तोंड कानाच्या उंचीला आण आणि एक मीटरवर त्याच्या समोर बस. १२ इंची स्पीकरचा वरचा आवाज टॉर्चसारखा सरळ जातो, जमिनीवर ठेवलेल्या अँपचा ट्रेबल तुझ्या गुडघ्यांना ऐकू येतो, कानांना नाही.

स्टुलाचा दुसरा फायदा काकूंना. जमिनीवरच्या अँपचा खर्ज लादीतून स्लॅबमध्ये उतरतो आणि खालच्या घराच्या छताला पोचतो, तो हवेतून जाणाऱ्या आवाजापेक्षा अडवायला कितीतरी कठीण. स्टुलाखाली रबराची मॅट नाहीतर जुनी गोधडी दोन-तीन घड्या करून टाक, आणि अँप शेजाऱ्याच्या भिंतीला न लावता बाहेरच्या भिंतीच्या बाजूला ने. भिंतीजवळ आणि कोपऱ्यात खर्ज आपोआप वाढतो, हळू आवाजात जो कमी पडतोय तोच, म्हणून बाहेरची भिंत अशी दोन्हीकडून कामाला येते. काकूंशी एकदा बोल, रोज किती ते किती वाजवणार ते सांग. नियमही माहीत असू दे, २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ मध्ये ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे, पण सोसायटीत नियमापेक्षा वेळ पाळलेली जास्त चालते.

आता नॉब. सेटिंग ज्या आवाजात वाजवणार त्याच आवाजात कर, हा माझा सगळ्यात मोठा आग्रह आहे. दुकानातलं किंवा स्टेजचं सेटिंग घरी आणू नकोस आणि घरचं स्टेजवर नेऊ नकोस, दोन्ही वेगळी लिहून ठेव. घरी मास्टर इतका ठेव की खोलीत कोणी नेहमीच्या आवाजात बोललं तर तुला वाजवता वाजवता कळलं पाहिजे. मग गेन खाली आण, तुला वाटतो त्यापेक्षा बराच खाली, चारच्या आसपास, बास सहा-सात, मिड सहा, आणि ट्रेबल, प्रेझेन्स (अगदी वरच्या आवाजाचा नॉब) कानाने. मिड काढून टाकायचा मोह होतो कारण घरी एकट्याने वाजवताना तो पोकळ आवाज मोठा आणि महाग वाटतो, पण मिड म्हणजेच गिटार, बँडमध्ये तोच सेटिंग लावलास तर ड्रम आणि बास गिटारच्या खाली तू सापडणारच नाहीस.

खर्ज वाढवायचा तर तो गेनच्या आधी वाढवू नकोस, तिथे वाढवलास की डिस्टॉर्शन चिखल होतं. आधी कमी कर, नंतर वाढव. आधी म्हणजे गिटार आणि अँपच्या मध्ये एखादा ट्यूब स्क्रीमर जातीचा ओव्हरड्राइव्ह, ड्राइव्ह जवळपास शून्यावर, लेव्हल वर. हा पेडल स्वभावानेच खर्ज कापतो आणि ७२० हर्ट्झच्या आसपास मिड उचलतो, त्यामुळे गेन कमी असूनही सूर घट्ट लागतो. नंतर म्हणजे अँपच्या मागे इफेक्ट्स लूप (प्रीअँपनंतर पेडल जोडायची जागा) असेल तर त्यात इक्यू पेडल, म्हणजे खर्ज-मिड-ट्रेबल वेगवेगळे कमीजास्त करणारा, तिथे १०० हर्ट्झला थोडं उचल. आणि त्याच पेडलची लेव्हल खाली आण, म्हणजे मास्टर एकऐवजी तीन-चारवर येईल. मास्टरचा नॉब शून्य ते एकमध्ये एकदम उडी मारतो, बारीक फिरवता येत नाही, त्या त्रासातून हा साधा मार्ग आहे. लूप सिरीज, म्हणजे सगळा आवाज पेडलमधूनच जाणारा असला पाहिजे, पॅरलल लूपमध्ये हे नीट चालत नाही. पॉवर ट्यूब यानेही झोपलेल्याच राहतात, ते मात्र खरं.

त्यांना जागं करायचं तर अॅटेन्युएटर, अँप आणि स्पीकरच्या मध्ये बसणारा डबा, तो बरीचशी पॉवर उष्णतेत घालवतो. चालतो, पण दोन गोष्टी सांगतो. एक, त्याचे ओहम अँपच्या आउटपुटशी जुळलेच पाहिजेत, आणि ट्यूब अँप स्पीकर किंवा लोडशिवाय चालू करून वाजवायचा नाही, कधीच नाही, ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. दोन, साधा रेझिस्टरवाला असेल तर थोडा आवाज उतरवेपर्यंत छान असतो, पण हॉलमधून कुजबुजीपर्यंत आणलास की टोन ब्लँकेटखाली जातो, कारण खऱ्या स्पीकरचा विरोध प्रत्येक सुराला वेगळा असतो आणि रेझिस्टरचा सगळीकडे सारखा. आणि स्पीकरचा कोन हळू आवाजात जोरात हलत नाही, तो परिणाम यानेही मिळत नाही. तुझ्या घरासाठी पैसे आधी इक्यू पेडलवर घाल.

आता यू-टू. त्यांचा गिटारवादक द एज ज्याच्यासाठी ओळखला जातो तो वॉक्स कंपनीचा एसी-३० अँप, ३० वॉट आणि दोन १२ इंची स्पीकर, आणि ते स्टेडियम. तो हवेचा धक्का नेरुळच्या बेडरूममध्ये येणार नाही. पण त्याच्या आवाजाचा निम्मा जीव डिलेमध्ये, म्हणजे सूर थोड्या वेळाने परत ऐकवणाऱ्या पेडलमध्ये आहे, तालात बसवलेला डॉटेड एट्थ, म्हणजे मात्रेच्या पाऊण भागावर परत येणारा सूर. एका मिनिटाला १२० मात्रा असतील तर ३७५ मिलिसेकंद. डिलेला मोठा आवाज लागत नाही! गेन अगदी कमी, थोडा कॉम्प्रेसर (लहानमोठा आवाज सारखा करणारा पेडल) म्हणजे सूर लांबेल, ३७५ वर डिले, तीन-चार वेळा परत येईल इतका. रात्री नऊ वाजता हळू आवाजात हे लावून बघ, मला खात्री आहे तू अँप विकायचं विसरशील.

प्रश्न: आम्ही कोलशेत रोडला राहतो. मुलगा १३ वर्षांचा आहे, इलेक्ट्रिक गिटार शिकतो. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून त्याला ब्लूटूथ हेडफोन घेऊन दिले तर म्हणतो हात आणि आवाज जुळत नाही. आम्हाला वाटलं कारणं सांगतोय. आणि हेडफोनने कान बिघडतात का?

उत्तर: ताई, तो अगदी खरं सांगतोय. नेहमीच्या ब्लूटूथमध्ये आवाज पोचायला १०० ते २०० मिलिसेकंद लागतात. गाणी ऐकताना कळत नाही, पण वाजवताना कळतंच. तुलना म्हणून, एक मीटरवर ठेवलेल्या अँपचा आवाज साधारण ३ मिलिसेकंदांत कानात येतो. एवढ्या उशिरावर सराव केला तर लय बिघडते, त्यामुळे त्याला वायरवालेच हेडफोन द्या, कानावर पूर्ण बसणारे.

अँपसाठी या वयात ट्यूबच्या मागे लागू नका. आजचे मॉडेलिंग अँप, म्हणजे ट्यूब अँपची डिजिटल नक्कल करणारे, हळू आवाजासाठीच बनलेत, यामाहाने २०११ मध्ये टीएचआर काढला तो टेबलावर ठेवून वाजवायला, बॉसच्या कटाना-५० मध्ये ५० वरून अर्ध्या वॉटवर आणायचा स्विच आहे. अशा अँपच्या हेडफोन आउटपुटमध्ये स्पीकर आणि माइकची नक्कल असते, ती नसेल तर डिस्टॉर्शन कानात मधमाश्यांसारखं टोचतं आणि मुलं गिटार सोडतात. मी हे होताना बघितलंय, म्हणून घेण्याआधी दुकानात हेडफोन लावूनच ऐका.

कानांचं विचारलंत ते बरं केलंत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाने मोठ्या माणसाला ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतात, आणि लहान मुलांसाठी ७५. दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो. वाजवताना माणूस हळूहळू व्हॉल्युम वाढवतच जातो, ते आपलं आपल्याला कळत नाही, म्हणून सुरुवातीलाच नॉबवर पेन्सिलने खूण करून द्या आणि दर अर्ध्या तासाने हेडफोन काढायला लावा. आणि रोज थोडा वेळ, संध्याकाळी सहा-सातच्या सुमारास का होईना, त्याला खोलीत उघड्यावर वाजवू द्या. सतत हेडफोनमध्ये वाजवणाऱ्या मुलांचा हात हलका राहतो, आवाज खोलीत कसा भरतो ते त्यांना कळतच नाही.

प्रश्न: नौपाड्यात जुन्या चाळीत राहतो. अँप हळू असला की गूं असा आवाज वाजवण्यापेक्षा मोठा येतो. तारांना हात लावला की कमी होतो. पेडल बदलला, केबल बदलली, काही फरक नाही.

उत्तर: हात लावल्यावर कमी होतो म्हणजे तुमचं शरीर घरातल्या वायरिंगची गुणगुण उचलून गिटारला देतंय, आणि तारेतून ती अर्थला गेली की गप्प बसते. सिंगल कॉइल पिकअप (तारांखालचा एका गुंडाळीचा चुंबक) असला की गुणगुण असतेच. जागेवर हळूहळू गोल फिरून बघा, एका दिशेला गूं जवळजवळ नाहीसा होईल, तिथेच खुर्ची ठेवा. मोबाइलचा चार्जर, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, डिमर, हे एकेक बंद करून ऐका. गेन कमी केलात तरी निम्मा जाईल.

पण उलटं होत असेल, म्हणजे हात लावल्यावर वाढतो, किंवा तारांना ओठ-बोट लागताना मुंग्या येतात, तर त्या दिवशी वाजवणं थांबवा. जुन्या चाळीत बऱ्याचदा सॉकेटला तिसरं भोक असतं पण त्याच्या मागे अर्थची वायरच नसते. इलेक्ट्रिशियनला बोलावून ते तपासून घ्या, आणि गुणगुण जावी म्हणून प्लगची अर्थ पिन कोणी काढायला सांगितली तर ऐकू नका.