ड्रॉइंगवर सही करण्याआधी

प्रिय बेटा,

धाराशिवला स्वतःचं ऑफिस टाकतेयस हे कळलं, फार बरं वाटलं. आपल्या भागातली स्ट्रक्चरल डिझाईन शिकलेली मुलं पुण्याला जातात आणि तिकडचीच होऊन राहतात. तू इथं राहायचं ठरवलंस. तेव्हा कॉलेजात कुणी सांगत नाही ते थोडं लिहून द्यावंसं वाटलं. या गोष्टी फोनवर नीट होत नाहीत.

लोक आपल्याकडे ड्रॉइंग मागायला येतात. पण अडचणीच्या वेळी त्यांच्या कामाला येतो तो ‘हे असं चालणार नाही’ असं वेळेत सांगणारा माणूस. ते सांगायची मोकळीक शाबूत राहिली तरच तू सल्लागार. फी कशी घ्यायची, कुणाचं काय घ्यायचं नाही, कागदावर काय ठेवायचं, बँकेत किती शिल्लक असावी, हे सगळं त्या मोकळिकीसाठी असतं. हे पत्रही त्याचबद्दल आहे.

30 सप्टेंबर 1993 ची पहाट तू पाहिलेली नाहीस. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते आणि चार वाजायला चार मिनिटं कमी असताना किल्लारी-सास्तूरचा पट्टा हादरला. त्या वेळच्या भूकंपाच्या नकाशात आपला भाग सगळ्यात कमी धोक्याच्या पहिल्या झोनमध्ये होता; 2002 साली भूकंपात टिकणाऱ्या बांधकामाच्या नियमांची संहिता सुधारली तेव्हा तो तिसऱ्यात गेला. घरं जाड दगडी भिंतींची, चिखलात रचलेली, आणि वर मातीचं जड माळवद. दगडाला दगड बांधून ठेवणारं काही नव्हतं. भिंती उकलल्या आणि माळवद झोपलेल्यांच्या अंगावर आलं. हजारो माणसं गेली, 52 गावं नव्या जागी वसवावी लागली. तेव्हापासून आपल्याकडे दगडमातीच्या घराची भीती बसली आणि आरसीसी म्हटलं की माणूस निर्धास्त झाला. मला काळजी वाटते ती या निर्धास्तपणाची. सिमेंट आणि सळई वापरली म्हणजे घर आपोआप पक्कं होतं, अशी समजूत सगळीकडे आहे, आणि ती दूर करायचं काम आता तुझ्याकडे आलंय.

साइटवर गेलीस की आधी कॉलमजवळ उभी राहा आणि उभ्या सळयांना वेढून बांधलेल्या रिंगेचं टोक बघ. हुक 135 अंशात वाकून आतल्या काँक्रीटमध्ये शिरला पाहिजे, हे तुला पाठ आहे. प्रत्यक्षात ते टोक काटकोनात वाकवून सोडलेलं असतं, कारण तशी रिंग पटकन होते आणि सळयांवर चटकन चढते. हादऱ्यात सळयांवरचं बाहेरचं काँक्रीट सुटलं की काटकोनी हुक उघडतो, रिंग सैल पडते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. फिटरला विचारलंस तर म्हणेल, ‘मॅडम, समदे असंच करायलेत.’ तो खोटं बोलत नाही, खरंच सगळे तसंच करतात. त्याच्यावर चिडून उपयोग नाही. सळई वाकवायच्या फळीपाशी जा, त्याच्याच हातून एक रिंग बरोबर करून घे आणि ती खांबाला टांगून ठेव. आता सगळ्या अशा, एवढंच सांग. आणखी एक. सुरुवातीला बरेच मिस्त्री तुझ्या प्रश्नाचं उत्तर तुझ्याबरोबर आलेल्या मुलाकडे बघून देतील. आमच्या ऑफिसातून गेलेल्या मुलींच्या बाबतीत मी हे पाहिलंय. वाद घालत बसू नकोस. पुढचा प्रश्नही तूच विचार, मापही तूच धर. कामाचं कळतं कुणाला, हे मिस्त्रीला लवकर समजतं.

ड्रॉइंगवर तू 12 एमएमची सळई लिहितेस, मिस्त्री तिला चार सूत म्हणतो; सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. 10 म्हणजे तीन सूत, 8 म्हणजे अडीच. दोन्ही लिहीत जा आणि सूचना मराठीत दे. घरमालकाला वाचता आली तर तो तुझ्या वतीनं साइटवर लक्ष ठेवतो. पैसे त्याचे, घर त्याचं. ड्रॉइंग मात्र इंग्रजीत, ही पद्धत मला कधीच पटली नाही.

आता मातीबद्दल. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि हलक्या घराला वर-खाली करते. दाराची चौकट अडकायला लागते, खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर जाते. म्हणून खड्डा घेतल्याशिवाय पायाचं ड्रॉइंग द्यायचं नाही. मालक म्हणेल, शेजाऱ्याला पाच फुटांवर मुरूम लागला, मग आपल्यालाही तिथंच लागणार. लागेलही, पण दोन प्लॉट सोडून जुना नाला बुजवलेला असतो आणि ते कुणाच्या लक्षात नसतं. गावातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारायची सवय ठेव, पाणी कुठून वाहायचं ते त्याला ठाऊक असतं. आणि खड्ड्याचा खर्च नको म्हणणाऱ्याचं काम घेऊ नकोस. पहिल्याच पायरीवर ज्याला तुझं ऐकायचं नाही, तो स्लॅबच्या वेळी काय ऐकणार?

पाण्याचंही तसंच. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पिण्याचं पाणी आणावं लागलं होतं. अशा मुलखात स्लॅब कधी घ्यायचा, हाही सल्ल्याचाच भाग आहे. 42 अंशांच्या उन्हात, टँकरच्या भरवशावर घातलेला स्लॅब दहा दिवस ओला राहत नाही. पाणी साठवायला वर आळी केलेली असते आणि दुपारपर्यंत ती कोरडी पडते. मालकाला आधीच विचार, दहा दिवसांचं पाणी आहे का? नसेल तर स्लॅब पुढं ढकलायला सांग. अक्षय तृतीयेची वास्तुशांत ठरली असेल तर तो नाराज होईल. होऊ दे.

टेकूंचंही लक्षात ठेव. ठेकेदाराच्या साच्याच्या प्लेटा दुसऱ्या साइटवर जायच्या असतात, म्हणून तो घाई करतो. सहा मीटरच्या वरच्या बीमखालचे टेकू संहितेप्रमाणे 21 दिवस ठेवायचे, तेही साध्या सिमेंटला. दुकानात मिळतं ते बहुतेक पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट असतं आणि त्याला ताकद धरायला जास्त वेळ लागतो. लातूरच्या ट्यूशन भागात क्लासचे मोठे हॉल बांधले जातात, तिथं हे सारखं सांगावं लागतं.

मोकळीक सगळ्यात आधी जाते ती कमिशनपायी. सळईचा दुकानदार, सिमेंटचा एजंट, रेडीमिक्सवाला, सगळे भेटायला येतील. बोलायला गोड असतात आणि टनामागं काही देऊ करतात. एकदा घेतलंस की त्याचा माल परत पाठवता येत नाही. 12 एमएमच्या सळईचा एक मीटरचा तुकडा 888 ग्रॅमच्या आसपास भरला पाहिजे. मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले 162 केलं की मीटरचं वजन किलोत मिळतं, दुसरं काही लागत नाही. गाडीत एक छोटा वजनकाटा ठेव. दोन-चार सळयांचे तुकडे तोलले आणि सगळेच 800 च्या जवळ भरले, तर गाडी उतरवायची नाही असं तिथल्या तिथं सांगता आलं पाहिजे. दिवाळीत ज्याचं पाकीट घेतलंय त्याला ते सांगताना जीभ रेटत नाही. ठेकेदाराच्या शिफारशीनं आलेल्या कामातही हाच धोका असतो. काम जरूर घे, पण फी मालकाकडूनच घे, ठेकेदाराच्या हातून नको.

फीबद्दल. ‘काहीतरी कमी करा’ हे वाक्य रोज ऐकावं लागेल. कमी करायचंच असेल तर कामही कमी कर आणि तसं लिहून दे. फीच्या पत्रात चार गोष्टी हव्यातच: कोणती ड्रॉइंग देणार, किती वेळा साइटवर येणार, प्लॅन बदलला तर वेगळे पैसे किती, आणि हप्ते कधी. मी पहिला हप्ता काम हाती घेताना, दुसरा पायाचं ड्रॉइंग देताना आणि पुढचे प्रत्येक स्लॅबच्या ड्रॉइंगच्या वेळी घेतो. पैसे थकले तर पुढचं ड्रॉइंग थांबव. सळई बांधून ओतायला तयार असलेल्या स्लॅबची तपासणी मात्र थांबवू नकोस. ओतायचं ठरलं की ते लोक ओतणारच, आणि त्या घरात राहणाऱ्या लेकरांचा आपल्या उधारीशी काही संबंध नाही. पाहुण्यारावळ्यांचं काम आलं तर फी माफ कर हवं तर, कागद माफ करू नकोस. तपासणी, सूचना, तारीख सगळं परक्यासारखंच लिही.

लिहिण्याचं तर व्यसन लागू दे. साइटवर एक वही ठेवायला लाव, काय पाहिलं आणि काय बदलायला सांगितलं ते तिथंच लिहून मिस्त्रीची सही घे, फोटो काढून संध्याकाळी मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठव. घरखरेदीदारांसाठीच्या 2016 च्या रेरा कायद्यानं ताबा दिल्यापासून 5 वर्षं रचनेतल्या दोषाची जबाबदारी बिल्डरवर टाकलीय. त्याला नोटीस आली की तो पहिला फोन तुलाच करणार. तेव्हा ‘मी तोंडी सांगितलं होतं’ म्हणून भागत नाही.

आणि स्टॅबिलिटी सर्टिफिकेट, म्हणजे इमारत भक्कम असल्याचा आपल्या सहीचा दाखला. कुणीतरी फोन करेल की हॉस्टेलवर एक मजला चढवायचाय, बाकी सगळं झालंय, फक्त तुमची सही पाहिजे. फोन ओळखीच्या मोठ्या माणसाचाही असेल. जुनी ड्रॉइंग, कॉलमची मापं, पाया किती खोल आहे ते उघडून पाहणं आणि जमलं तर काँक्रीटची चाचणी, यातलं काही झालेलं नसताना सही करायची नाही. मी अशी कामं सोडली आहेत. ती दुसरीकडे गेली, हेही मला माहीत आहे. तुझीही जातील. त्या गावात काही दिवस ‘फार ताठ आहे’ असं बोललं जाईल. पण तेच लोक स्वतःच्या मुलाचं घर बांधायची वेळ आली की ताठ माणसाकडे येतात, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता त्या बोलण्याची चिंता वाटत नाही.

हे सगळं जमायला बँकेत पैसे हवेत. आपल्याकडे पैसा पिकाबरोबर येतो. दसरा-दिवाळीला सोयाबीन बाजारात गेलं की घरं सुरू होतात, जानेवारी-फेब्रुवारीत तूर येते, मग उसाचं बिल. जून ते सप्टेंबर ऑफिसात शुकशुकाट असतो. सहा महिन्यांचा घरखर्च आणि ऑफिसभाडं बाजूला असल्याशिवाय ड्रॉइंग छापायचा प्लॉटर, गाडी, मोठं फर्निचर यांच्या नादी लागू नकोस. ज्याला या महिन्याचं भाडं भरायचंय त्याला चुकीच्या कामाला नाही म्हणणं फार जड जातं.

कर सल्लागार पहिल्या वर्षापासून ठेव. संस्था आणि कारखाने तुझ्या फीतून 10 टक्के टीडीएस कापतात. तो तुझ्या पॅनवर जमा दिसतोय का ते दर तिमाहीला बघ. वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या वर गेली की जीएसटीची नोंदणी आणि बिलावर 18 टक्के, म्हणून कोटेशनमध्ये ‘कर वेगळा’ हे आतापासून लिही. ठोक पद्धतीनं, म्हणजे फीचा ठराविक हिस्सा नफा धरून कर भरणार असशील तर आगाऊ कराची 15 मार्च ही तारीख विसरू नकोस. छोट्या व्यवसायांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी काम घेण्याआधीच करून ठेव. नोंदणी असेल तर एमएसएमई कायद्याप्रमाणे कंपन्यांनी बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकतं करायचं असतं, उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट व्याज. भांडायला जायची वेळ क्वचितच येते. पण बिलाखाली उद्यम क्रमांक आणि ती मुदत छापलेली असली की अकाउंट्सवाले कागद वर काढतात.

माझ्या फीच्या पत्राचा नमुना आणि स्लॅब तपासणीची यादी सोबत जोडली आहे. तुझ्या कामाप्रमाणे बदलून घे. यादीत गॅलरी आणि पुढं काढलेल्या छज्ज्याची ओळ मी वेगळी ठेवली आहे. तिथली मुख्य सळई वरच्या बाजूला असते. काँक्रीट ओतताना मजूर घमेली घेऊन तिच्यावरूनच चालतात, सळई दबून खाली बसते, आणि वरून काँक्रीट आलं की कुणालाच दिसत नाही. सळई वर उचलून धरणाऱ्या वाकवलेल्या सळयांच्या खुर्च्या तिच्याखाली जवळजवळ द्यायला लाव, चालायला वेगळ्या फळ्या टाकून घे, आणि गॅलरीचं ओतकाम संपेपर्यंत तिथून हलू नकोस.

आशीर्वादासह,
तुझे सर
लातूर