'फॅनआर्ट'ला मराठीत काय म्हणावं?

एका मुलीचा प्रश्न असा आहे: मी ॲनिमेतल्या, म्हणजे जपानी ॲनिमेशनपटांतल्या आणि मालिकांतल्या, आवडत्या पात्रांची चित्रं काढते आणि खाली 'फॅनआर्ट' लिहिते. त्याऐवजी 'चाहता-कला' चालेल का? आणि मुलीने 'मी त्याचा फॅन' म्हणायचं की 'त्याची'?

दुसरा भाग सोपा, म्हणून तो आधी. 'त्याची'. चा-ची-चं पुढच्या नामाप्रमाणे बदलतं, आणि इथे ते नाम म्हणजे तुम्ही. 'फॅन'चं रूप बदलत नाही, म्हणून तो कायमचा पुल्लिंगी वाटतो आणि मुलीही 'त्याचा फॅन' लिहून जातात. 'चाहता' वापरला की घोटाळाच उरत नाही: चाहता, चाहती. चालवायचा 'जाणता'सारखा: चाहत्याला, चाहतीला, चाहत्यांनी. फक्त 'मोठी चाहती' म्हणू नका, ते वयाने मोठी वाटतं. 'निस्सीम' किंवा 'कट्टर' म्हणा.

आता 'चाहता-कला'. हा शब्द मला पटत नाही, आणि अडचण 'कला'पाशी आहे. मराठीत कला म्हणजे अंगातलं कसब. कागदावर उतरतं ते चित्र, फार तर कलाकृती. 'ही माझी एक कला' म्हटलं तर ऐकणारा विचारील, दुसरी कोणती? बरं, 'चाहतीचं चित्र' करावं तर षष्ठी दगा देते. 'आजीचं चित्र' म्हणजे आजीने काढलेलं की आजी दिसते ते? बहुतेकांच्या मनात दुसरा अर्थ आधी येतो. म्हणजे तुमच्या चित्राखाली 'चाहतीचं चित्र' लिहिलं, तर वाचणारा चित्रातल्या योद्ध्यालाच चाहती समजायचा!

तेव्हा एका नामाचा हट्ट सोडा. चित्राखाली दोन तुकडे पुरतात: 'मूळ पात्र: अमुक मालिकेतलं तमुक. चित्र: मी.' श्रेय ज्याचं त्याला जातं आणि हात कोणाचा तेही कळतं. ओघात लिहिताना 'चाहतीने काढलेलं चित्र' म्हणा. लांब आहे, पण चुकीचं नाही. गप्पांत 'फॅनआर्ट' खुशाल म्हणा, आणि चित्र मनात धरून 'फॅनआर्ट काढलं' असं नपुंसकलिंगी चालवा.

क्रियापदाकडेही लक्ष असू द्या. चित्र 'बनवत' नाहीत, काढतात. मूर्ती घडवतात, पात्राची लोकरीची बाहुली विणतात, कापडाची शिवतात. आणि चित्र कसं काढलं हे सांगायला शाळेतलेच शब्द नेमके आहेत. मूळ चित्रावर कागद ठेवून रेघ ओढली तर 'गिरवलं', समोर ठेवून काढलं तर 'बघून काढलं', पात्र त्यांचं पण प्रसंग आणि उभं राहण्याची ढब तुमची असेल तर 'मनाने काढलं'. गिरवलेल्याला मनाने काढलेलं म्हटलं की वाद होतात, आणि ते रास्तच आहेत.

'फॅन'ला इतर पर्यायही सुचवले जातात. 'रसिक' दाद देतो, 'दर्दी'ला त्यातलं कळतं, 'चाहता' जीव टाकतो. आवड एका पात्रापुरती नसेल तर 'ॲनिमेवेडी' झकास. 'पंखा' विनोदापुरता. गंमत म्हणजे व्युत्पत्तीने सगळ्यात जवळचा 'भक्त'. इंग्रजी 'फॅन' हे 'फनॅटिक'चं आखूड रूप, 19व्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत बेसबॉलच्या बातम्यांतून रुळलेलं, आणि त्याच्या मुळाशी लॅटिन 'फानुम', म्हणजे देऊळ. पण 'भक्त'ला आज राजकारणाचा वास आहे, तेव्हा तो राहू दे.

ॲनिमेचाच विषय आहे तर जपानी शब्दही पाहा. हौशी मंडळी स्वतः छापतात त्या चित्रकथांच्या पुस्तिकांना तिकडे 'दोजिन्शी' म्हणतात. 1975 साली टोकियोत सुरू झालेला 'कॉमिकेट' हा त्यांचाच बाजार. यातल्या 'दोजिन'चा अर्थ एकाच आवडीची माणसं. त्यासाठी मराठीत नवं काही घडवायला नको, 'समानधर्मा' आहेच.