उत्पत्तिकथा कोण सांगतंय, ते आधी ठरवा

कादंबरीसाठी तुम्ही रचलेल्या जगात खाली समुद्रकाठी मिठागरं आहेत आणि वर गोड्या झऱ्यांचा डोंगर. त्याची उत्पत्तिकथाही लिहून झाली आहे: आधी अंधार, मग प्रकाश, मग सात देव आणि त्यांची वंशावळ. वाचणारे मात्र म्हणतात, हे कुठेतरी वाचलंय. काय बदलू, असं तुम्ही विचारलंय.

देवांची नावं किंवा संख्या बदलून फरक पडणार नाही. तुमची कथा त्या जगातलं कोणीच कोणाला सांगत नाहीये, अडचण तिथे आहे. उत्पत्तिकथेला सांगणारा असतो, ऐकणारा असतो आणि तिच्यामुळे कोणाचं तरी काहीतरी साधत असतं.

प्राचीन बाबिलोनचं ‘एनुमा एलिश’ हे उत्पत्तीचं काव्य बघा. गोड्या पाण्याचा अप्सू आणि खाऱ्या पाण्याची तिआमत एकमेकांत मिसळलेले असतात, तिथून ते सुरू होतं. नद्या जिथे आखाताला मिळतात त्या मुलखाला हेच सुचणार. पुढे बाबिलोनचा मुख्य देव मार्दुक तिआमतला मारतो, सुकवलेला मासा चिरावा तसा तिचा देह उभा चिरतो आणि एका अर्ध्याचं आकाश करतो. माणूस घडतो तो तिआमतच्या बाजूने लढून हरलेल्या किंगूच्या रक्तातून, आणि कशासाठी, तर देवांचे कष्ट उपसायला. म्हणजे राबणं जन्माआधीच ठरलेलं! नववर्षाच्या अकितू उत्सवात चौथ्या दिवशी पुजारी हे काव्य मार्दुकापुढे म्हणत असे. असिरियाच्या लोकांनी तीच कथा उचलली तेव्हा मार्दुकाच्या जागी आपला देव अश्शूर बसवला. कादंबरी लिहिणाऱ्याने या एका अदलाबदलीवर बराच वेळ विचार करावा.

आपल्याकडे परशुरामाने समुद्र मागे हटवून भूमी मिळवली, अशी कथा आहे; कोकणात सांगतात की बाण मारून मिळवली, तर केरळात परशू फेकून. जमीन कोणी मिळवली आणि कोणाला दिली, हा हक्काचा प्रश्न दोन्हीकडे कथेच्या पोटात आहे.

आता तुमचं जग. भांडण गोड्या पाण्याचं असणार हे उघड आहे, मग कथाही पाण्याचीच हवी. डोंगरावरचे म्हणतील: पहिली देवी रडली, तिच्या आसवांचा समुद्र झाला, आमच्या पूर्वजांनी तिचे डोळे पुसले, म्हणून तिने झरे आम्हाला दिले. मिठागरातले म्हणतील: रडली कुठली? ती राबली. समुद्र हा तिचा घाम आहे, डोंगर तिनेच रचला आणि झरे सगळ्यांसाठी सोडले. एकच खारट पाणी, पण एका कथेत ते उपकाराचं कारण होतं आणि दुसरीत मजुरीचा पुरावा. दोन्ही कथा ठेवा. खरी कोणती, हे तुम्ही लेखक म्हणूनसुद्धा ठरवू नका. ऋग्वेदातलं नासदीय सूक्त तर शेवटी म्हणतं की हे सगळं कुठून आलं ते वर बसून सगळ्यावर नजर ठेवणारा अध्यक्ष जाणत असेल, किंवा तोही जाणत नसेल.

मग कथा रोजच्या वस्तूंपर्यंत उतरवा. ग्वाटेमालातल्या किचे माया लोकांच्या ‘पोपोल वुह’मध्ये मातीची माणसं विरघळतात, लाकडाची माणसं निर्मात्यांना विसरतात. मग त्यांची भांडी, तवे, पाटे-वरवंटे आणि कुत्री त्यांच्यावर उलटतात: आम्हाला रोज भाजलंत, रगडलंत, आता तुमची पाळी. शेवटी मक्याच्या पिठातून खरी माणसं घडतात. तवा उलटून बोलतो तेव्हा ती कथा स्वयंपाकघरात शिरते. तुमच्याकडे मिठागरातली बाई हंगामाची पहिली रास ओढण्याआधी कपाळाचा घाम बोटाने वाफ्यात टाकेल. डोंगरावर पाहुण्यासमोर रडणं अशुभ मानतील, कारण आसवं दिसली की पाण्यावरचा हक्क सांगितल्यासारखं होतं. शपथा, शिव्या, बारशाचे विधी यांतून असंच काही काढता येईल.

वंशावळ तुमच्या वहीत राहू दे, पुस्तकात नको. कथा पहिल्या प्रकरणात सलगही सांगू नका. पाणीवाटपाच्या बैठकीत कोणीतरी ती पुरावा म्हणून काढावी आणि समोरच्याने मध्येच तोडावी, तिथे ती वाचकाला हवीशी वाटेल. त्याआधी एक प्रसंग लिहून बघा: मिठागरातली मुलगी लग्न होऊन डोंगरावर गेली आहे, सासू शेजारी बसली आहे आणि बाळ विचारतंय की समुद्र खारट का. ती काय सांगते?