तीन आठवड्यांत मागे पडलात, पण कुणाच्या?

प्रिय ताई,
मुलगा नऊ वर्षांचा, मुलगी सहाची. यंदापासून दोघांना घरीच शिकवतोय. मी अर्धवेळ नोकरी करते, नवरा संध्याकाळीच मोकळा असतो. रोजचे धडे आखून दिलेला तयार संच घेतला आणि तीन आठवड्यांतच मागे पडलो. गणिताचं पुस्तक काढलं की मुलगा रडतो. नणंद म्हणते माँटेसरी घे, मैत्रीण म्हणते काहीच नको, मुलं आपोआप शिकतात. सगळ्यात चांगला अभ्यासक्रम कोणता?
– गोंधळलेली आई

प्रिय गोंधळलेल्या आई,
अभ्यासक्रम मुलांसाठी घेतला हे ठीक, पण तो रोज चालवायचाय तुम्हाला, तोही नोकरी सांभाळून. तुम्ही मागे पडलात ते त्या संचाच्या वेळापत्रकाच्या. ते आखणाऱ्याने तुमचं घर पाहिलेलं नाही. म्हणून आधी आपल्याकडे खरोखर किती तास आहेत ते मोजा, आणि मग पुस्तकं बघा.

रडण्याचं मात्र लगेच बघायला हवं. बहात्तर भागिले आठ किती, हे त्याला तोंडी विचारा. पटकन सांगितलं, तर गणित येतंय, वीस उदाहरणांनी भरलेलं पान बघून धीर सुटतोय. पाचच द्या, बाकीची झाका. तोंडीही अडला, तर मागच्या इयत्तांची उदाहरणं घालत मागे मागे जा आणि जिथे तो न अडखळता सोडवतो तिथून सुरुवात करा. पाढे कच्चे असताना भागाकार रेटण्यात अर्थ नाही. पुस्तकावर इयत्ता दुसरी छापलेलं असेल तर कव्हर घालून टाका. नऊ वर्षांच्या मुलाला तो आकडा फार लागतो.

आता नणंद. माँटेसरींनी १९०७ मध्ये रोममध्ये सुरू केलं ते ‘बालगृह’, म्हणजे लहान मुलांची शाळा होती, कुणाचं राहतं घर नव्हे. साधनं, त्यासाठी मांडलेली जागा आणि ती वापरून दाखवायला शिकलेला मोठा माणूस, हे सगळं त्यात धरलेलं आहे. सुंदर पद्धत आहे, पण तुमच्या वेळात ती पुरती बसवणं अवघड. मैत्रिणीचा मार्ग ऐकायला सोपा, प्रत्यक्षात मोठ्यांचं लक्ष सगळ्यात जास्त मागणारा. आपोआप काही होत नाही हो!

मला विचाराल तर तुमच्या घराला शार्लट मेसन या इंग्रज शिक्षणतज्ज्ञ बाईंची रीत जवळची वाटते: लहान वयात वीस मिनिटांच्या आतले धडे, मोठ्याने वाचन आणि वाचलेलं मुलांनी आपल्या शब्दांत सांगणं. इतिहास, विज्ञान, गोष्टी दोघांना एकत्र चालतात. मुलगी दोन वाक्यं सांगेल, मुलगा दहा. वेगळं शिकवायचं ते फक्त गणित आणि वाचन-लेखन. संध्याकाळचं वाचन नवऱ्याकडे द्या.

घेतलेला संच फेकू नका. त्यातली चांगली पुस्तकं ठेवा, वेळापत्रकाचा कागद तेवढा काढून टाका. गणितासाठी नवं पुस्तक लागलंच, तर आधी एक नमुना धडा मिळवा आणि कामावरून दमून आल्यावर शिकवून बघा.

तुमच्याकडे घरच्या शिक्षणाला नोंदणी किंवा ठरावीक विषय बंधनकारक आहेत का, तेवढं लगेच तपासा. पुढे मुलगा कुठली परीक्षा देणार, त्यावरून वरच्या इयत्तांचं ठरेल. त्याची आत्ता घाई नाही.
– ताई